लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही... सॉफ्टवेअर पॅकेजेसमधला हा तिढा सुटतो कसा?

"लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही." ही म्हण आपण घरात, ऑफिसात, दाखल्यांच्या रांगेत कितीतरी वेळा वापरतो. एक काम व्हायला दुसरं आधी हवं आणि दुसरं व्हायला पहिलं आधी हवं, असा तिढा पडला की ती हमखास आठवते.

सॉफ्टवेअरमध्ये या तिढ्याला 'सर्क्युलर डिपेंडन्सी' म्हणतात, म्हणजे चक्राकार अवलंबित्व. 'अ' पॅकेजला 'ब' लागतं आणि 'ब'ला 'अ' लागतं. मग आधी कोण?

हा प्रश्न फक्त प्रोग्रॅमर लोकांचा वाटतो, पण तो आपल्या खूप जवळ आहे. तुम्ही हे अँड्रॉइड फोनवर वाचत असाल, तर ही मराठी अक्षरं पडद्यावर आणणाऱ्या दोन सॉफ्टवेअरचं नातंही असंच आहे. नव्या प्रोसेसरवर सॉफ्टवेअर चालवणं, २०३८ साली घड्याळं बिघडू नयेत म्हणून चाललेली तयारी आणि आपल्या कॉम्प्युटरवर कितपत विश्वास ठेवायचा, हे तिन्ही प्रश्न शेवटी याच वर्तुळापाशी येतात. ते कसं तयार होतं आणि कसं तोडतात, ते पाहूया.

पॅकेज आणि डिपेंडन्सी म्हणजे काय?

आज कुठलंही सॉफ्टवेअर कुणी पहिल्या ओळीपासून एकट्याने लिहीत नाही. फोटो उघडायचा कोड एकाने लिहिलेला असतो, इंटरनेटवरून फाइल आणायचा दुसऱ्याने, अक्षरं दाखवायचा तिसऱ्याने. असा प्रत्येक तुकडा नाव आणि आवृत्ती देऊन बांधला की त्याचं पॅकेज होतं. एका पॅकेजला चालण्यासाठी दुसरं लागत असेल, तर ते दुसरं पॅकेज म्हणजे पहिल्याची डिपेंडन्सी.

पसारा केवढा असतो ते बघा. १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी सुरू केलेल्या डेबियन या लिनक्स वितरणाची १२ वी आवृत्ती जून २०२३ मध्ये आली. तिच्यात ६४ हजारांहून जास्त पॅकेजेस होती. एवढ्या पॅकेजेसमध्ये कोणाला कोण लागतं याचा नकाशा काढला, तर त्यात वर्तुळं सापडणारच.

तुमच्या मराठी अक्षरांमागचं वर्तुळ

फोनमध्ये 'किती' हा शब्द साठवताना आधी 'क' येतो आणि मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी 'क'च्या आधी दिसायला हवी. 'क', हलन्त आणि 'ष' असे तीन तुकडे साठवलेले असतात, पण दिसायला हवा 'क्ष'. 'अर्क' लिहिताना रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसायला हवा. ही जुळवाजुळव करणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव आहे हार्फबझ. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस ते वापरतात.

कोणतं अक्षरचिन्ह कुठे बसवायचं हे ठरलं, की फॉन्टच्या फाइलमधली त्याची रेखाकृती वाचून तिचे पडद्यावरचे ठिपके बनवावे लागतात. हे काम करणारं एक नावाजलेलं सॉफ्टवेअर म्हणजे फ्रीटाइप.

आता गंमत बघा. फॉन्टमधल्या अक्षरांची मापं घेण्यासाठी हार्फबझ फ्रीटाइपची मदत घेऊ शकतं. आणि लहान आकारातली अक्षरं आपोआप सुबक करताना, फॉन्टमध्ये कोणकोणती पर्यायी अक्षरचिन्हं आहेत हे समजून घ्यायला फ्रीटाइप हार्फबझची मदत घेऊ शकतं. दोघांनाही एकमेकांची गरज आहे आणि दोन्ही बाजूंची कारणं रास्त आहेत.

मग लिनक्स शून्यापासून बांधणारे लोक काय करतात? आधी हार्फबझशिवाय फ्रीटाइप बांधतात. त्यात एक सोय कमी असते, पण ते चालतं. त्याच्या आधाराने पूर्ण हार्फबझ बांधतात. मग हार्फबझ हाताशी घेऊन फ्रीटाइप पुन्हा एकदा, या वेळी पूर्ण बांधतात. तीन पायऱ्या झाल्या आणि तिढा सुटला.

या छोट्या उदाहरणात सगळ्या विषयाची किल्ली आहे. "मला हे लागतं" असं पॅकेज सांगतं, तेव्हा विचारायचं: आत्ता लगेच लागतं की नंतर लागलं तरी चालेल? सुटणाऱ्या प्रत्येक वर्तुळात एखादी गरज 'नंतर'ची असते. ती शोधली की तिथे वर्तुळ तोडता येतं.

इन्स्टॉल करताना वर्तुळ आलं तर?

डेबियनमध्ये पॅकेज बसवण्याचं मूळ काम डीपीकेजी नावाचा प्रोग्रॅम करतो. तो हे काम दोन टप्प्यांत करतो. पहिल्या टप्प्यात पॅकेजमधल्या फाइली उलगडून जागच्या जागी ठेवतो. दुसऱ्या टप्प्यात पॅकेज 'कॉन्फिगर' करतो, म्हणजे ते वापरायला तयार करतो.

साधी डिपेंडन्सी दुसऱ्या टप्प्याला लागू होते. 'अ' कॉन्फिगर करण्याआधी 'ब' कॉन्फिगर झालेलं हवं, पण फाइली उलगडायला कोणताही क्रम चालतो. त्यामुळे 'अ' आणि 'ब' एकमेकांवर अवलंबून असले तरी दोघांच्या फाइली आधी डिस्कवर येऊन बसतात. अर्धा तिढा तिथेच सुटतो.

उरतो कॉन्फिगर करण्याचा क्रम. काही पॅकेजेससोबत 'पोस्टइन्स्ट' नावाची छोटी स्क्रिप्ट येते आणि ती या टप्प्यात चालते. डेबियनचा नियम असा की वर्तुळातल्या एखाद्या पॅकेजला ही स्क्रिप्टच नसेल, तर वर्तुळ त्या पॅकेजपाशी तोडायचं. त्याला त्या क्षणी चालवण्यासारखं काही नसतं, त्यामुळे डिपेंडन्सी थोडी उशिरा तयार झाली तरी काही बिघडत नाही. पण वर्तुळातल्या सगळ्यांनाच स्क्रिप्ट असेल तर? मग वर्तुळ कुठेही तुटू शकतं, आणि एखादी स्क्रिप्ट तिला लागणारं पॅकेज तयार नसतानाच चालू शकते. म्हणूनच डेबियनचं धोरण सांगतं की शक्यतो वर्तुळं टाळा, आणि पोस्टइन्स्ट स्क्रिप्ट असेल तर विशेष टाळा.

काही वर्तुळं मात्र टाळता येत नाहीत. डेबियन १२ मध्ये 'लिबसी६' आणि 'लिबजीसीसी-एस१' ही दोन पॅकेजेस एकमेकांवर अवलंबून आहेत, आणि ही अगदी पायातली पॅकेजेस आहेत. लिबसी६ मध्ये सी भाषेची मूळ लायब्ररी असते आणि जवळपास प्रत्येक प्रोग्रॅम तिच्यावर चालतो. एखादा थ्रेड मध्येच बंद करायचा असेल, तर ती लिबजीसीसीची मदत घेते. आणि लिबजीसीसीला मेमरी मागण्यासारख्या साध्या कामांसाठी सी लायब्ररी लागते. यातलं एक काढून टाकणं शक्य नाही. पण थ्रेड बंद करण्याची वेळ प्रोग्रॅम चालू असताना येते, इन्स्टॉल होताना नाही. म्हणून हे वर्तुळ निभावतं.

डेबियनमध्ये 'प्री-डिपेंड्स' नावाची कडक डिपेंडन्सीही आहे. तिचा अर्थ: माझ्या फाइली उलगडण्याआधीच ते दुसरं पॅकेज पूर्ण तयार हवं. इथे 'नंतर'ला जागाच उरत नाही. म्हणून ही डिपेंडन्सी लावण्याआधी इतर डेव्हलपरांशी चर्चा करावी, असं धोरणात सांगितलं आहे.

कॉम्प्युटरला वर्तुळ सापडतं कसं?

आर्थर कान यांनी १९६२ मध्ये मांडलेली पद्धत अगदी सोपी आहे. ज्याला कशाचीच गरज नाही असं पॅकेज आधी उचला आणि यादीत टाका. मग इतरांच्या गरजांमधून त्याचं नाव खोडा. आता ज्यांच्या गरजा शून्य झाल्या त्यांना उचला. असं करत राहायचं. शेवटी सगळी पॅकेजेस उचलली गेली, तर तोच बांधायचा क्रम. काही मागे राहिली, तर ती वर्तुळात तरी आहेत किंवा वर्तुळातल्या कुणावर तरी अवलंबून आहेत.

वर्तुळात नेमकी कोण आहेत हे शोधायला रॉबर्ट टार्जन यांची १९७२ ची पद्धत वापरतात. एकमेकांत अडकलेल्या पॅकेजेसचे गट ती नकाशाच्या एकाच फेरीत वेगळे काढते.

वर्तुळ सापडणं असं सोपं आहे. कमीत कमी ठिकाणी कापून सगळी वर्तुळं तोडणं मात्र भलतंच अवघड. रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये २१ अवघड प्रश्नांची एक प्रसिद्ध यादी दिली, त्यात हा प्रश्न आहे. मोठ्या नकाशावर सर्वोत्तम उत्तर झटपट देणारी पद्धत आजही कुणाकडे नाही. आणि कोणती गरज थोड्या वेळासाठी सोडून चालेल, हे नकाशावरून कळतही नाही. ते त्या सॉफ्टवेअरची माहिती असलेल्या माणसालाच सांगावं लागतं.

सोर्स कोडपासून बांधताना

आपण वापरतो ते पॅकेज कुणीतरी सोर्स कोडपासून बांधलेलं असतं. हे बांधकाम करायलाही साधनं लागतात, आणि खरी गुंतागुंतीची वर्तुळं इथे असतात.

पायथॉन भाषेचं उदाहरण घ्या. तिची माहितीपुस्तिका स्फिंक्स नावाच्या साधनाने तयार होते, आणि स्फिंक्स पायथॉनमध्येच लिहिलेलं आहे. म्हणजे पुस्तिकेसकट पायथॉन बांधायचं तर आधी पायथॉन हवं! उपाय सरळ आहे. आधी पुस्तिकेशिवाय पायथॉन बांधा, त्यावर स्फिंक्स चालवा आणि मग पुस्तिका तयार करा.

डेबियनने या युक्तीला नियमाचं रूप दिलंय. त्याला 'बिल्ड प्रोफाइल' म्हणतात. पॅकेजच्या माहितीत लिहून ठेवता येतं की 'नोडॉक' प्रोफाइल असेल तर पुस्तिकेची साधनं लागणार नाहीत, 'नोचेक' असेल तर चाचण्यांची लागणार नाहीत आणि 'स्टेज१' असेल तर अगदी किमान रूप बांधायचं आहे. कुठे कापायचं हे असं आधीच लिहिलेलं असलं की मशीन स्वतःच क्रम लावू शकतं.

सगळ्यात प्रसिद्ध तिढा आहे कंपायलरचा. जीसीसी हा सी भाषेचा कंपायलर. पूर्ण जीसीसी बांधायला सी लायब्ररी लागते, आणि सी लायब्ररी बांधायला कंपायलर. नव्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी यातलं काहीच तयार नसतं. मग आधीच चालू असलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर नव्या प्रोसेसरसाठी एक अपुरा जीसीसी बांधतात, ज्याला सी लायब्ररीची गरज नसते. त्याने सी लायब्ररी बांधतात. मग त्या लायब्ररीच्या आधाराने पूर्ण जीसीसी. स्लॅब टाकताना खाली सेंट्रिंग लावतात आणि स्लॅब पक्का झाला की काढून घेतात, तसा हा अपुरा कंपायलर शेवटी बाजूला ठेवतात. या सगळ्या प्रक्रियेला 'बूटस्ट्रॅपिंग' म्हणतात.

हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? कारण नवे प्रोसेसर येत राहतात. रिस्क-फाइव्ह ही प्रोसेसरची खुली रचना आहे आणि ती वापरायला परवाना शुल्क लागत नाही. आयआयटी मद्रासचा 'शक्ती' आणि सी-डॅकचा 'वेगा' हे भारतात घडवलेले प्रोसेसर याच रचनेवर आहेत. डेबियनने २०२३ मध्ये रिस्क-फाइव्हला आपल्या अधिकृत यादीत घेतलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये तिला पहिल्यांदा पूर्ण स्थान मिळालं. चिप बनवली म्हणजे काम संपलं असं होत नाही. तिच्यावर चालणारी हजारो पॅकेजेस वर्तुळं तोडत तोडत बांधावी लागतात.

२०३८ चं घड्याळ

जुन्या ३२-बिट पद्धतीत वेळ म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद. ही संख्या १९ जानेवारी २०३८ ला भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी आपल्या मर्यादेला पोहोचेल. त्यानंतर जुन्या पद्धतीची घड्याळं थेट १९०१ साल दाखवू शकतात.

डेबियनने २०२४ मध्ये ३२-बिट एआरएम प्रोसेसरसाठी वेळेची जागा ६४ बिट करायला घेतली. अशी मूळ गोष्ट बदलली की जुन्या आणि नव्या लायब्ररी एकमेकींशी जुळत नाहीत. म्हणून कितीतरी लायब्ररी पॅकेजेसची नावं 'टी६४' हे शेपूट लावून बदलली आणि त्यांच्यावर अवलंबून असलेलं सगळं पुन्हा बांधावं लागलं. इथे पुन्हा तोच तिढा आला. नवी लायब्ररी बांधायला लागणारी साधनं स्वतःच जुन्या लायब्ररीवर चालत होती. नेहमीच्या यंत्रणेतून सगळं एका झटक्यात होणं शक्य नव्हतं, त्यामुळे काही भाग हाताने, पायरीपायरीने उभा करावा लागला.

विरजणाचा प्रश्न

दही लावायला विरजण लागतं आणि विरजण म्हणजे कालचंच दही. कंपायलरचंही तसंच आहे. जीसीसीची नवी आवृत्ती बांधायला आधीचा कंपायलर लागतो. रस्ट भाषेचा पहिला कंपायलर ओकॅमल भाषेत लिहिलेला होता. २०११ मध्ये रस्टच्या कंपायलरने स्वतःलाच कंपाइल केलं आणि तेव्हापासून प्रत्येक नवा रस्ट जुन्या रस्टने बांधला जातो.

यात एक धोका आहे. यूनिक्सचे एक जनक केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टुरिंग पुरस्काराच्या भाषणात तो दाखवून दिला. समजा एका कंपायलरमध्ये कुणी चोरवाट घातली. हा कंपायलर लॉगिनचा प्रोग्रॅम बांधताना त्यात गुपचूप चोरवाट टाकतो, आणि नवा कंपायलर बांधताना हीच खोड त्याच्यातही उतरवतो. मग सोर्स कोडमधून सगळ्या खुणा पुसल्या तरी चोरवाट पिढ्यानपिढ्या चालू राहते. कोड वाचून काहीच सापडत नाही, कारण दोष विरजणात आहे.

यावर दोन उपाय आहेत. पहिला डेव्हिड व्हीलर यांनी २००५ मध्ये मांडला. दुसऱ्या, स्वतंत्र कंपायलरने तोच सोर्स कोड बांधायचा. त्यातून जो कंपायलर मिळेल, त्याने तोच कोड पुन्हा बांधायचा. हा निकाल संशयित कंपायलरने स्वतःच्या कोडपासून बनवलेल्या फाइलीशी बिट-बिट जुळतो का, ते पाहायचं. नाही जुळला तर पाणी कुठेतरी मुरतंय.

दुसरा उपाय म्हणजे विरजणच इतकं छोटं करायचं की माणसाला ते डोळ्यांनी तपासता येईल. ग्नू गिक्स प्रकल्पाने २०२३ मध्ये जाहीर केलेली साखळी फक्त ३५७ बाइट्सच्या एका प्रोग्रॅमपासून सुरू होते. त्यावर थोडं मोठं साधन, त्यावर एक छोटा कंपायलर, मग जुना जीसीसी आणि शेवटी आजचा जीसीसी. खाली चालणाऱ्या कर्नेलवर आणि हार्डवेअरवर विश्वास ठेवावा लागतोच, पण जे आंधळेपणाने मान्य करावं लागत होतं ते खूप कमी झालं.

प्रत्येक भाषेचा नियम वेगळा

* गो: पॅकेजेसमध्ये वर्तुळ आलं की कंपायलर सरळ नकार देतो.
* रस्ट: नेहमीच्या डिपेंडन्सीत वर्तुळ चालत नाही, पण फक्त चाचण्यांसाठी लागणाऱ्या डिपेंडन्सीत चालतं. चाचण्या नंतरच होतात ना!
* पायथॉन: पॅकेज बांधण्याच्या नियमांत बिल्ड-गरजांचं वर्तुळ निषिद्ध आहे. स्वतःलाच बांधणाऱ्या साधनांसाठी वेगळी सोय ठेवली आहे. प्रोग्रॅमच्या आत फाइली एकमेकींना बोलावू लागल्या, तर 'अर्धवट सुरू झालेलं मॉड्यूल' अशा अर्थाची एरर दिसते.
* नोड: प्रोग्रॅम थांबत नाही. पण समोरच्या फाइलमधलं जेवढं तयार झालंय तेवढंच हाती येतं, त्यामुळे चूक उशिरा आणि भलत्याच ठिकाणी दिसते.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये वर्तुळ आलं तर

1. आधी ते खरंच वर्तुळ आहे का ते बघा. बऱ्याच डिपेंडन्सी एररमध्ये आवृत्त्यांचं भांडण असतं: एकाला जुनी आवृत्ती हवी आणि दुसऱ्याला नवी. त्याचा उपाय वेगळा.
2. कोणाला कोण लागतं ते कागदावर बाणांनी काढा. प्रत्येक बाणाजवळ 'केव्हा' लागतं तेही लिहा: बांधताना, बसवताना, चालताना, चाचणीला की पुस्तिकेला.
3. दोघांनाही लागणारा भाग वेगळा काढून तिसरं पॅकेज करा. हा सर्वांत टिकाऊ उपाय.
4. दोन पॅकेजेस एकमेकांशिवाय कधीच वापरली जात नसतील, तर ती एकत्रच करा.
5. एखादी गरज ऐच्छिक करता येते का बघा. 'असेल तर वापर, नसेल तर त्याशिवाय चाल.'
6. वर्तुळ टळतच नसेल, तर आधी अपुरं रूप आणि मग पूर्ण रूप अशा पायऱ्या ठरवा आणि त्या लिहून ठेवा. तोंडी माहीत असलेला क्रम तो माणूस नोकरी सोडून गेला की हरवतो.

लिनक्सवर इन्स्टॉल चालू असताना लाईट गेली आणि पॅकेजेस अर्धवट राहिली, तर घाबरू नका. उलगडलेली पण कॉन्फिगर न झालेली पॅकेजेस कोणती, याची नोंद डीपीकेजी ठेवतो आणि उरलेलं काम नंतर पूर्ण करू शकतो. जबरदस्तीने डिपेंडन्सी डावलण्याचा पर्याय मात्र सगळ्यात शेवटी वापरा. तसं केल्याने गरज संपत नाही, ती तपासायचंच राहून जातं.

थोडक्यात, वर्तुळातल्या सगळ्या बाणांवर सारखाच जोर लावू नका. ज्या बाणावर 'नंतर' लिहिता येईल तो शोधा आणि तिथेच कापा.